भरती पाहून भरणारं प्रदर्शन

वर्षभरातल्या प्रदर्शनांचं पत्रक काढायचं झालं की मोठ्या शहरातली कलादालनं चित्रकारांची यादी समोर ठेवतात. उरणात आम्ही कालनिर्णय समोर ठेवतो. आम्ही म्हणजे चित्रकलेचे एक निवृत्त सर, फोटोंचा नाद असलेला एक बँकवाला, रांगोळीत ज्यांचा हात कुणी धरणार नाही अशा एक वहिनी, गणपतीच्या कारखान्यात उमेदवारी केलेला एक तरुण आणि मी. मला यातलं काहीच येत नाही, म्हणून सर्वानुमते मला कार्यवाह केलं आहे. बैठकीला चहा सांगणं, इतिवृत्त लिहिणं आणि हॉलवाल्यांशी गोड बोलणं एवढंच माझं कलेतलं योगदान.

मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षं जातात असं चित्रकार सांगतात. अर्ज करताना माणूस निसर्गचित्रं काढत असतो आणि तारीख येईपर्यंत तो अमूर्ताकडे वळलेला असतो. आमच्याकडे नेमकं उलट. चित्रकार तयार असतो, चित्रं तयार असतात, तारीख तेवढी बारा महिन्यांत कुठे सापडत नाही.

जानेवारी हवेला उत्तम. पण जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, त्यामुळे हॉल कोळीनृत्याच्या तालमींना दिलेला. शिवाय 16 आणि 17 तारखेला जासईला 1984च्या शेतकरी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन असतं. तालुक्यातला बोलणारा माणूस त्या दिवसांत दुसरीकडे मिळत नाही आणि मिळूही नये. फेब्रुवारीत बारावी, मार्चमध्ये दहावी आणि शिमगा, चैत्रात गावोगावच्या जत्रा. मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. आगरी घरातली हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की हळदीच्या रात्री अख्खं गाव जागं असतं आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव झोपलेलं असतं. यातल्या कुठल्याच अवस्थेत माणूस जलरंग बघायला येत नाही. जून-जुलैत पाऊस, म्हणून तिथे सरांनी पहिल्याच बैठकीत लाल पेनने फुली मारली. मग नारळी पौर्णिमा, गोविंदा, गणपती. 25 सप्टेंबरला चिरनेरला 1930च्या जंगल सत्याग्रहाचा स्मृतिदिन. नवरात्र, दिवाळी. राहता राहिला डिसेंबर, आणि डिसेंबरात हॉल कायमचा एका सेलवाल्याने घेऊन ठेवलेला असतो. तो पैसे रोख आणि आगाऊ देतो. कलेची ती पद्धत नाही.

तरीही दरवर्षी या सगळ्याच्या फटीत कुठेतरी चार दिवस सापडतात आणि प्रदर्शन भरतं.

हॉलची अट एकच. भिंतीला खिळा मारायचा नाही. जगभरच्या चित्रकलेचा इतिहास ज्या खिळ्यावर टांगलेला आहे तोच नाही म्हटल्यावर आम्ही मांडववाल्याकडे जातो. तो बांबूच्या चौकटी उभ्या करतो, त्यावर पांढरं कापड ताणतो आणि आम्ही वरच्या आडव्या बांबूला बाइंडिंगच्या तारेने चित्रं लटकवतो. पांढरं कापड मिळालं तर. एका वर्षी लग्नसराईमुळे त्याच्याकडे पांढरं उरलंच नव्हतं, सोनेरी झालरीचं गुलाबी होतं. सरांची सगळी खाजणं आणि मिठागरं त्या गुलाबीवर अशी काही सजली की प्रत्येक चित्रापुढे खुर्ची ठेवून वधूवरांना बसवावं. दुसरी अडचण पंख्यांची. पंखे लावले की चित्रं हलतात आणि बंद केले की प्रेक्षक हलतात. आमचा बँकवाला यावर एक सुवर्णमध्य काढतो. दोनवर ठेवतो. मग चित्रं थोडी हलतात आणि प्रेक्षक थोडे घामेजतात.

पहिल्या दिवशी सकाळी येणारे निम्मे लोक चुकून आलेले असतात. बाहेर 'भव्य प्रदर्शन' असा फलक असतो आणि डिसेंबरातला सेलवाला हेच दोन शब्द वापरतो, त्यामुळे बायका पिशव्या घेऊन येतात. एक ताई आत आल्या, तीन भिंती शांतपणे पाहिल्या, चौथ्या भिंतीपाशी मला हळूच विचारलं, "बेडशीट कुठे लावल्यात?" मी म्हटलं, यंदा नुसती चित्रं आहेत. त्या क्षणभर हिरमुसल्या. पण चपला काढून आल्याच होत्या म्हणून पुन्हा पहिल्यापासून फिरल्या, आणि जाताना त्यांना शेजारणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "काही विकत घ्यायला लागत नाही, ये." कलेची इतकी नेमकी जाहिरात आम्हाला पत्रकात कधी जमलेली नाही.

उद्घाटन हा मात्र स्वतंत्र विषय आहे. उरणातलं उद्घाटन मुहूर्तावर होत नाही, भरतीवर होतं. म्हणजे होत असे. प्रमुख पाहुणे मुंबईचे, नामवंत चित्रकार किंवा निदान नामवंताला ओळखणारे. ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला यायचे. आणि मोरा बंदरात गाळ असल्यामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची पंचाईत. पंचांगात शुभ वेळ असली आणि पाण्याला ती मान्य नसली तर पाणी जिंकतं. एका पाहुण्यांना मी स्वतः लांबून पाहिलं आहे. धक्का समोर, आम्ही हार घेऊन उभे, ते लाँचमध्ये कोट घालून उभे, आणि मध्ये चिखल. त्यांनी तिथूनच हात हलवला, आम्ही इथून हलवला. पाणी चढेपर्यंत हा कार्यक्रम चालला. नंतर भाषणात ते म्हणाले की उरणचं निसर्गसौंदर्य त्यांनी खूप बारकाईने पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आता ती सबब राहिली नाही. 12 जानेवारी 2024ला एकाच दिवशी शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू झाला आणि उरणपर्यंत लोकल आली. ज्या गावाने रेल्वेची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या तिथे आता पाहुणे ठरल्या वेळेच्या आधी येऊन उभे राहतात, आणि आमचा मांडववाला तेव्हा बांबूच सोलत असतो. गाडीने आले तर मात्र थोडी आशा असते. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर रांगेत लागले की सेतूने वाचवलेली मिनिटं तिथे परत करावी लागतात. तेवढ्यात आमची झालर लावून होते.

समई लावताना पंखे बंद करायचे, फीत कापायला आणलेली कात्री पुठ्ठ्याची निघायची, मग कुणाच्या तरी खिशातला पेपर कटर. हे सगळीकडेच होतं, त्यात उरणचं वेगळं काही नाही. पण भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं आणि ते मला अलीकडे सहन होत नाही. "अशा लहान गावात कलेची जाण असणारा प्रेक्षक तयार करायला हवा." पाहुणे हे वाक्य फार मायेने बोलतात. पहिल्या रांगेतले माना डोलावतात. मागच्या रांगेतला प्रेक्षक, जो अजून तयार व्हायचा आहे, तो चहा कधी येतो ते बघत असतो.

आमच्या अभिप्राय वहीवरून पाहुण्यांचं म्हणणं खरं वाटेल. 'छान.' 'खूप छान.' 'अप्रतिम उपक्रम.' 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पानंच्या पानं अशी. एका पानावर एका चिमुरड्याने फक्त स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहून खाली लपेटीदार सही केली आहे. एकाने 'पंखा तीनवर करावा' असं लिहिलं आहे, आणि आजवरच्या सगळ्या सूचनांत अंमलात आलेली ती एकच. पण वही हा काही पुरावा नव्हे. वहीपाशी आला की माणूस इंग्रजी माध्यमातला पाहुणा असल्यासारखा अवघडतो आणि 'छान' लिहून सुटका करून घेतो. खरं काय वाटलं ते तो चित्रापुढे उभा असताना बोलतो, शेजारच्याशी, आणि पुष्कळदा आगरीत.

सरांचं मोरा बंदराचं एक जलरंगातलं चित्र होतं. ओहोटीची वेळ, ओला चकचकीत गाळ, मागे धूसर मुंबई आणि मधोमध एक मोठी मच्छीमार होडी. सरांनी गाळाची चकाकी कागद कोरा सोडून साधली होती आणि ती त्यांना स्वतःला इतकी आवडली होती की किमतीच्या जागी त्यांनी 'विक्रीसाठी नाही' लिहिलं होतं. दुपारी, हॉलमध्ये कुणी नसताना, एक वयस्क नाखवा आत आला. रुमाल खांद्यावर, हातात औषधाची पिशवी, म्हणजे दवाखान्यातून परतताना सहज वळलेला. बाकीच्या चित्रांवरून त्याची नजर हॉटेलातल्या दरपत्रकावरून जावी तशी गेली आणि इथे येऊन थांबली. "यो त आपला मोरा!" तो मोठ्याने म्हणाला. सर खूश होऊन पुढे झाले. नाखवा अजून चित्रातच. बराच वेळ पाहून त्याने बोट होडीच्या बुडाशी नेलं आणि म्हणाला, "ओहोटीला होरी अशी सरल उभी नाय ऱ्हात. कलते. नायतर टेकू लावाया लागतो."

सर गप्प झाले. मी आयुष्यभर मोऱ्याच्या धक्क्यावरून ये-जा केली आहे, मुंबईच्या पाहुण्यांनी त्याच चित्राची 'संयत रंगलेपन' म्हणून तारीफ केली होती, आणि होडीचं बूड निमुळतं असतं, पाणी ओसरल्यावर ती गाळात सरळ उभी राहणार कशी, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. त्या रात्री हॉल बंद झाल्यावर सरांनी चौकट उघडली, ब्रश ओला केला आणि होडीच्या दोन्ही अंगांना दोन वासे टेकवले. जलरंगात मागाहून काही घालणं ही जोखीम असते. वासे जरा जाड झाले. पण होडी पहिल्यांदाच जमिनीला लागली.

दुसऱ्या दिवशी नाखवा दोन दोस्तांना घेऊन आला, टेकू लागले का ते बघायला! तिघांनी मिळून तपासणी केली. मग एकाने दोराबद्दल शंका काढली आणि तिथे तिघांचं जे जुंपलं, त्यात बंदर, वारा, कुणाच्या तरी बापाची होडी आणि कुठल्याशा वादळाची रात्र, सगळं निघालं. वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. त्या वर्षीच्या प्रदर्शनावर झालेली सर्वांत गंभीर चर्चा तीच.

तेव्हापासून मी प्रदर्शनात चित्रांपेक्षा माणसं बघतो. बँकवाल्याने जुन्या मिठागरांचे फोटो लावले होते. काळेपांढरे, वाफ्यांच्या आडव्या-उभ्या बांधांची नक्षी, कोपऱ्यात मिठाची रास. तरुण मुलांना त्यात नक्षी दिसली. एका आजीला नक्षी दिसलीच नाही. तिने फोटोला जवळजवळ नाक लावून कुठला बांध कुणाचा ते ओळखायला सुरुवात केली. न्हावा शेवा बंदर 1989ला सुरू झालं आणि त्या परिसरात जिथे पाणी, खाजण आणि मीठ होतं तिथे आता कंटेनरच्या थप्प्या आहेत. आजीच्या बोटाखालचा बांध कुठल्या थप्पीखाली असेल हे तिला ठाऊक होतं. नातवाला म्हणाली, "हितं तुझ्या पणज्याचं पाय फुटलंत." मिठात काम करून पावलांना चिरा पडतात, त्याबद्दल ती बोलत होती. फोटोखाली 'रचना क्र. 4' असं लिहिलं होतं.

मुलांच्या विभागाची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्रातल्या मुलाला कागद दिला की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, नदी आणि नारळाचं झाड येतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा, आणि इंटरमिजिएटमुळे दहावीला मिळणारे वाढीव गुण, यांनी त्या सूर्याची जागा आणखी पक्की केली आहे. पण चौथीतल्या एका मुलाने त्या दोन डोंगरांच्या पलीकडे बंदराची भली मोठी क्रेन काढली होती, सूर्याच्या दुप्पट उंच, आणि सूर्य तिच्या आकड्याला टांगला होता. परीक्षक म्हणाले, प्रमाण चुकलं. मला विचाराल तर त्याच्या घराच्या गच्चीवरून प्रमाण तसंच दिसतं. उत्तेजनार्थ देऊन आम्ही लाज राखली.

आता तुम्ही म्हणाल, उरणसारख्या ठिकाणी प्रदर्शनाची परंपरा ती काय असणार. तर सांगतो. घारापुरी कुठे आहे? मुंबईकर म्हणतील, गेटवेसमोर. पर्यटक म्हणतील, मुंबईत. सातबारा म्हणेल, तालुका उरण, जिल्हा रायगड. गेली सुमारे साडेचौदाशे वर्षं आमच्या तालुक्यात एक कायमस्वरूपी शिल्पप्रदर्शन चालू आहे. सोमवारी बंद. 1987 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण बोटींच्या फलकावर तालुक्याचं नाव आजतागायत आलेलं नाही.

कार्यवाह म्हणून मी तिथे गेलो की मला माझ्या अडचणी दिसतात, त्यांच्या पद्धतीने सोडवलेल्या. खिळा मारायचा प्रश्नच नाही, भिंतच चित्र आहे. उजेडाचं म्हणाल तर बेटावरच्या गावाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती 2018 साली, त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर. पण लेणं खोदणाऱ्यांनी उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशी तीन दारं ठेवली. सकाळी एका शिल्पाची पाळी, दुपारी दुसऱ्याची. दक्षिणेकडच्या भिंतीत, आतल्या अंधारात, जवळपास साडेपाच मीटर उंचीचा तीन मुखांचा सदाशिव आहे. त्याच्यावर प्रखर ऊन कधी पडत नाही, आणि डोळे सरावायला माणसाला थोडं थांबावं लागतं. आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट लावताना हा विचार कुणी करत नाही.

आणि एका बाबतीत ते प्रदर्शन अगदी आमच्यासारखंच आहे. नावाची चिठ्ठी हरवली आहे. लेण्यात एक शिलालेख होता, तो पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिथे तो गहाळ झाला. त्यामुळे हे कुणी करवलं, कोणत्या साली, यावर विद्वान अजून वाद घालतात. बहुतेक जण सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजे म्हणतात. कारागिरांची नावं तर कुणीच सांगू शकत नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्तीही आता जागेवर नाही. 1814 साली त्याचं डोकं आणि मान गळून पडली. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तो फसला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला पोचले, 1914 साली सांधले गेले, आणि आज तो राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. ज्या पुतळ्यावरून जहांगीरच्या परिसराला काळा घोडा म्हणतात, तो घोडेस्वार राजासुद्धा 1965पासून त्याच बागेत आहे. म्हणजे ज्यांच्यावरून कलेचे पत्ते सांगितले जातात ते हत्ती-घोडे भायखळ्यात एकमेकांना सोबत करतात. उधार दिलेली वस्तू परत येत नाही हा आमचा अनुभव फक्त ईझलपुरता होता. हत्तीच्या बाबतीतही तेच होतं हे कळल्यावर मन हलकं झालं.

लेण्यातही मी माणसं पाहिली. आमच्या वहिनी शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे थांबल्या. वाटाड्या एका परदेशी जोडप्याला इंग्रजीत गुप्तोत्तर शैलीबद्दल सांगत होता. वहिनींनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "नवरी उजव्या हाताला उभी आहे. म्हणजे अजून लागलेलं नाही लग्न." नंतर सरांनी पुस्तक उघडून दाखवलं. शिल्पाचे अभ्यासकही पार्वतीच्या उजवीकडे असण्यावर बोट ठेवून नेमकं हेच सांगतात. वहिनींनी पुस्तकाकडे फारसं लक्ष दिलं नाही. "बाप बघा मागे कसा उभा आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच वैशाखात होतं.

दुसरं दालन दक्षिणेला आहे. करंजाहून बोटीने रेवसला उतरायचं आणि अलिबागच्या रस्त्याला सासवणे गाठायचं. तिथे शिल्पकार विनायकराव, म्हणजे नानासाहेब करमरकर यांचं घर आहे. जन्म 1891चा, त्याच गावातला. लहानपणी या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड गावात आले असताना त्यांनी ते चित्र पाहिलं, मुलगा कोण म्हणून विचारलं आणि पुढे त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. त्या मुलाने 1928 साली पुण्याला महाराजांचा तो प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा उभा केला. सासवण्याच्या त्या घरात आणि आवारात आज त्यांची शंभरावर शिल्पं आहेत. शंख फुंकणारा कोळी आहे, गावातली माणसं आहेत, जनावरं आहेत.

मला या गोष्टीत कलेक्टरपेक्षा देवळाच्या पंचांचं कौतुक वाटतं. भिंत कुणाची, रंग कुणी पुसायचा, पोरगं कुणाचं, असं कुणी केलं नाही. निदान कलेक्टर येईपर्यंत केलं नाही. त्या भिंतीवर 'खिळे मारू नयेत' किंवा 'जाहिराती लावू नयेत' असं लिहिलेलं असतं तर मराठी शिल्पकलेचं काय झालं असतं देव जाणे. आणि चित्र कुणाच्या नजरेला पडलं ते बघा. देवळात आलेल्या-गेलेल्याच्या. पत्रक नाही, उद्घाटन नाही, पंखा दोनवर नाही.

सासवण्याहून परतताना करंजाच्या बोटीत आमची पुढच्या वर्षाची बैठक झाली. विषय तोच, तारीख. मी इतिवृत्ताची वही काढली आणि नेहमीप्रमाणे जानेवारीपासून सुरुवात केली. मूर्तिकार तरुण कठड्याला टेकून बसला होता. तो म्हणाला, "त्या नाखवाला सवड कधी असते?"

प्रश्न फार साधा होता आणि इतक्या वर्षांत आम्ही तो विचारला नव्हता. आम्ही पाहुण्यांची सवड बघत होतो, हॉलची बघत होतो. सरकारी नियमाने 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मोरा आणि करंजाच्या बोटी त्या काळात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नाखवे जाळी विणत, इंजिनं उघडून बसलेले असतात आणि पाऊस लागला की तेही नाही. लग्नं संपलेली, गणपती लांब, सेलवाला फिरकत नाही, हॉल रिकामा आणि भाडं निम्मं. आमचा सगळ्यांत खडूस, सगळ्यांत जाणता प्रेक्षक वर्षातून दोन महिने मोकळा असतो आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांवर सरांनी लाल फुली मारलेली.

सर लगेच म्हणाले, जलरंगाला बुरशी येईल. ते खरं आहे. उरणच्या पावसात कागद पापडाआधी नरम पडतो. मग ठरलं की जलरंग काचेत घालायचे आणि उरलेल्या जागेत तैलरंग, फोटो आणि माती. रांगोळीवरून थोडा वाद झाला. दमट हवेत रंग गोळा होतो असं वहिनींचं म्हणणं. शेवटी त्यांनी मीठ वापरून बघायचं कबूल केलं, आणि दमट हवेत मीठ तर रांगोळीच्याही आधी पाणी सोडतं हे लक्षात आल्यावर कबुली मागे घेतली. रांगोळी दिवाळीला. खिळ्यांचं मात्र मी मनावर घेतलं आहे. हॉलवाल्यांना मी इतकं गोड बोललो की त्यांनी एका भिंतीला लाकडी पट्टी ठोकायला परवानगी दिली. पट्टीला खिळा मारता येईल. ही या वर्षातली माझी कलाकृती.

तर यंदाचं पत्रक असं. जुलैचा दुसरा आठवडा, गुरुवार ते रविवार, सकाळी दहा ते रात्री आठ. विषय 'मोरा ते करंजा'. उद्घाटन नाही, कारण पाहुणे नाहीत. त्याऐवजी पहिल्या दिवशी तीन नाखव्यांना बोलावलं आहे, ते चित्रांतल्या चुका दाखवतील. चित्रकारांनी ब्रश आणि पाणी बरोबर ठेवावं. प्रवेश विनामूल्य, विकत काही घ्यावं लागत नाही. बेलापूर किंवा नेरूळहून उरण लोकल आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते. छत्री दाराशी ठेवा, गळकी असेल तर बादलीत. आणि घरात कुणी मिठागरात, बंदरात किंवा होडीवर काम केलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांना जरूर घेऊन या. खुर्च्या ठेवल्या आहेत, चहा आहे, पंखा तीनवर असेल.